दोन सुरगाठी आणि ऐंशी सेकंद

अग्निशमन केंद्रात गाडीच्या दाराशी नजर टाकलीत तर अनेकदा एक गमतीशीर दृश्य दिसतं. बुटांच्या जोड्या ओळीनं उभ्या असतात आणि प्रत्येक जोडीभोवती जाड पॅन्टचं खाली सरकलेलं वेटोळं. जणू माणूस उभ्या जागी विरघळला आणि कपडे तेवढे मागे राहिले. घंटा वाजली की जवान धावत येतो, दोन्ही पाय सरळ बुटांत रोवतो, पॅन्टचे काठ धरून वर ओढतो आणि गॅलिस खांद्यावर चढवतो. बूट आणि पॅन्ट एका दमात. नाडी नाही, चेन नाही, बक्कल नाही.

एवढी घाई का, ते एका आकड्यात सांगता येतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचं एनएफपीए १७१० हे मानक आगीची वर्दी मिळाल्यापासून गाडीची चाकं फिरेपर्यंत ८० सेकंदांचं उद्दिष्ट ठेवतं. बुटांच्या दोन नाड्या नीट आवळून बांधायला अर्धं मिनिट गेलं, तर त्या ८० सेकंदांतला एक तृतीयांशाहून जास्त वेळ पायांपाशीच खर्ची पडला.

मग सगळ्यांनाच असे नुसते पाय घुसवायचे बूट का देऊ नयेत? कारण ज्या दारातून पाय सहज आत जातो, त्याच दारातून तो सहज बाहेरही येतो. गमबूट घालून चिखलातून चालला असाल तर हे वेगळं सांगायला नको. पाय पुढे निघतो, बूट मागेच राहतो.

ही अडचण मुळात भूमितीची आहे. शिवणाची मोजपट्टी घ्या. घोट्याच्या वर पाय जिथे सर्वांत बारीक असतो तिथला घेर मोजा. मग टाचेच्या खालून पट्टी तिरकी फिरवून पावलाच्या वरच्या उंचवट्यावर आणा आणि तो घेर मोजा. मोठ्या माणसाच्या पायात हा दुसरा घेर पहिल्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटरनं जास्त भरतो. पाय बुटात शिरताना टाच नेमकी अशी तिरकी वळते, म्हणजे बुटाचा गळा त्या क्षणी मोठ्या घेराएवढा उघडायला हवा. पाय आत बसला की त्याच गळ्यानं लहान घेराला मिठी मारायला हवी. मधले दहा सेंटिमीटर गिळून टाकणं, हेच नाडीचं, चेनचं, पट्टीचं किंवा चकतीचं काम. ते काही सेकंदांत, जाड हातमोजे घालून, अंधारात करायचं म्हटलं की त्यातली मेख कळते.

सुरक्षा बुटात ही मिठी सैल असून चालत नाही. अशा बुटांसाठीच्या आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकात बोटांवरची पुढची कडक टोपी २०० जूलचा आघात सोसेल अशी अट आहे. वीस किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तर जेवढी ऊर्जा होते, तेवढी. टोपी पोलादाची असो की कठीण प्लॅस्टिकची, ती पायासाठी ताणत नाही. टाच जागेवर धरलेली नसेल, तर उतारावर किंवा शिडी उतरताना पाऊल पुढे घसरतं आणि बोटं त्या टोपीवर आतून आपटत राहतात. बोटं वाचवायला बसवलेली टोपीच बोटांना काळं-निळं करते. शिवाय दर पावलाला टाच थोडी थोडी वर उचलली गेली की मोज्याचं घर्षण होतं, आणि पाळी संपेपर्यंत फोड तयार.

नाडीपासून सुरुवात करू, कारण घट्टपणाच्या बाबतीत ती अजूनही भल्याभल्यांना पाणी पाजते. आपल्या भाषेनं गाठींची फार नेमकी वाटणी करून ठेवली आहे: निरगाठ सुटत नाही, सुरगाठ ओढली की सुटते. बुटाला आपण सुरगाठ मारतो ती सोयीसाठी, पण तिच्या नावातच तिचा दोष आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या यंत्र-अभियंत्यांनी २०१७ मध्ये हे प्रकरण मुळापासून तपासलं. ट्रेडमिलवर धावणाऱ्या बुटाचं अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. पाऊल जमिनीवर आदळताना गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास सातपट त्वरणाचा धक्का बसतो, त्यानं गाठीचा मधला भाग क्षणभर ताणतो आणि ढिलावतो. त्याच वेळी पुढे-मागे झुलणारा पाय नाडीच्या मोकळ्या टोकांना हिसके देत असतो. एक ढिलं करतो, दुसरा ओढतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एकदा टोक सरकायला लागलं की काही पावलांतच सगळी गाठ मोकळी.

याच अभ्यासात सुरगाठीच्या दोन जातीही तपासल्या होत्या. नाडीचे फास बुटावर आडवे बसत असतील तर गाठ चांगल्या जातीची. फास वळून घोट्याकडून बोटांकडे उभे होत असतील, तर पहिला अर्धा वेढा उलट्या दिशेनं घ्या. उभ्या फासांची ती कच्ची जात फार लवकर सुटते, आणि आपल्यातले कितीतरी जण लहानपणापासून तीच मारत आलेले असतात.

नाडीची दुसरी अडचण घर्षणाची. दोर एखाद्या कडेवरून वळला की पलीकडचा ताण कमी होतो, आणि तो किती कमी होईल हे वळणाचा कोन आणि घर्षण यांवर घातांकी पद्धतीनं ठरतं. गलबताचा जाड दोर खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एका हातानं धरता येतो तो याच नियमामुळे. बुटात मात्र तो आपल्याविरुद्ध जातो. समजा प्रत्येक भोकाशी नाडी काटकोनात वळते आणि घर्षणांक ०.३ आहे. मग एका भोकापलीकडे ताणाचा सुमारे ६२ टक्के भाग उरतो. चार भोकांनंतर जेमतेम १५ टक्के. म्हणून वरून कितीही जोरात ओढा, बोटांजवळची नाडी ढिलीच राहते. ती आवळायची तर खालून एकेक पदर उचलत वर यावं लागतं. वेळ गाठ मारण्यात थोडा जातो, या पदर उचलण्यात जास्त.

घर्षणाचा हा शाप उलटा फिरवला तर वरदानही आहे. वरची गाठ सुटली तरी खालचे पदर लगेच ढिले पडत नाहीत, आणि नाडी तुटली तर तुटलेल्या टोकांना निरगाठ मारून वेळ मारून नेता येते. नाडी एका फटक्यात दगा देत नाही. घाईत घालायच्या बुटाची निवड करताना हा गुण फार कमी जण मोजतात, असं मला वाटतं.

चेनचं तसं नाही. एक दात वाकला की सगळी चेन गेली. आणि गंमत अशी की चेन जन्मली तीच बुटासाठी. व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये पेटंट घेतलं ते बुटांच्या बंदासाठीच, पण ते आकड्यांचं यंत्र अडखळायचं. गिडियन सनबॅक यांनी १९१३ च्या सुमारास आजच्यासारखी, एकसारख्या बारीक दातांची रचना केली. १९२३ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीनं ती आपल्या रबरी बुटांना लावली आणि ‘झिपर’ हे नाव या बुटांमुळेच रुळलं. नाव बुटाचं, पसारा मात्र पुढे पॅन्ट, पिशव्या आणि तंबूंमध्ये झाला.

चेन एका ओढीत तो दहा सेंटिमीटरचा दरवाजा बंद करते. पण ती फक्त दोन अवस्था जाणते: उघडी आणि बंद. पाय मात्र तसा नसतो. डावा-उजवा सारखा नसतो आणि दिवसभर उभं राहिल्यावर सुजून थोडा मोठाही होतो. नुसती चेन असलेला बूट सकाळी ढिला आणि संध्याकाळी आवळ, असा लागू शकतो.

यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार वाटतो. चेन चामड्याच्या अरुंद पट्टीत शिवायची आणि ती पट्टी बुटाच्या समोर, जिभेवर, नाडीनंच दोन्ही बाजूंना ओवून बसवायची. नाडी एकदाच, निवांत बसून, आपल्या पायाच्या मापानं पदर न् पदर लावायची आणि पक्की बांधून टाकायची. त्यानंतर रोज फक्त चेन वर-खाली. माप घेण्याचं सावकाश काम आणि बंद करण्याचं घाईचं काम वेगळं झालं. भरलेल्या गाडीतून उतरताना चेननं मान टाकलीच, तर पट्टी काढून तीच नाडी सरळ बुटाला ओवता येते. अशी पट्टी हातात घेऊन पाहिली की आणखी दोन गोष्टी दिसतात. चेन चवड्यापर्यंत जात नाही, कारण चालताना बूट तिथे दुमडतो आणि दुमडणाऱ्या जागी दात टिकत नाहीत. आणि चेनच्या ओढणीला जाड दोरीचा किंवा चामड्याचा लांब शेपटा असतो, हातमोज्यातल्या बोटांना चाचपडून सापडेल असा. बाकी चेन म्हणजे बुटाला पाडलेलं लांबच लांब भोकच. तिच्या मागे घडीची, दोन्ही कडांना शिवलेली जीभ नसेल तर पाणी मोज्यात आलंच.

व्हेल्क्रोचं आकर्षण उघड आहे; एक हात पुरतो. स्विस अभियंते जॉर्ज द मेस्ट्राल यांना १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून ती कल्पना सुचली आणि १९५५ मध्ये पेटंट मिळालं. आकडे आणि फासांची ही जोडी आडव्या ओढीला मुळीच दाद देत नाही, पण कडेनं सोलली की चर्रकन सुटते. म्हणून शहाणा रचनाकार पट्टी कडीतून ओवून परत फिरवतो. ताण आडवा येतो आणि निम्म्या बळात काम होतं. पण आकड्यांत चिखल, धागे, लोकर, बर्फ काहीही भरतं, आणि मग पट्टी नुसती टेकते, धरत नाही. त्यात ती नायलॉनची. नायलॉन प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं. आगीत जाणाऱ्या बुटाच्या बाहेरच्या अंगाला ती उघडी ठेवणं वेडेपणाचं. तिथे दोरे आणि नाड्या अ‍ॅरामिड धाग्याच्या लागतात, कारण तो वितळून ठिबकत नाही. खूप वरच्या तापमानाला थेट करपतो.

आता सगळीकडे दिसणारी नवी गोष्ट म्हणजे चकती. बारीक पोलादी तार गुळगुळीत मार्गिकांतून फिरवलेली, एका टोकाला दातेरी चक्र. चकती दाबून फिरवली की तार गुंडाळली जाते, ओढली की एकदम मोकळी. ही पद्धत २००१ च्या सुमारास बोआ कंपनीनं स्नोबोर्डच्या बुटांतून आणली आणि आता ती कारखान्यांच्या बुटांतही रुळली आहे. तिचं मर्म घर्षणातच आहे. घर्षणांक ०.३ ऐवजी ०.१ धरला, तर चार काटकोनी वळणांनंतरही निम्म्याहून जास्त ताण उरतो. म्हणजे एका जागेवरून फिरवलं तरी सगळा बूट आवळला जातो, आणि पाय सुजला की दोन खटके मागे. मात्र घर्षण नाही म्हणून ताण सगळीकडे वाहतो. घोट्याशी घट्ट आणि चवड्याशी सैल हवं असेल तर दोन चकत्या बसवाव्या लागतात. तार बारीक असल्यानं जीभ पातळ असेल तर पावलाच्या वरच्या नसा दाबून बोटं बधिर होतात. तार तुटली तर सुटी तार आणि बारीक अवजार जवळ हवं, तिथे निरगाठ चालत नाही. विजेच्या कामावर तर बुटात कुठलाही उघडा धातू नको, मग ती तार असो की पितळी चेन.

ओतशाळेत मात्र सगळा हिशेब उलटा होतो. वितळलेल्या धातूचा रस उडून बुटात शिरला, तर बूट घालायला किती वेळ लागला हे कुणी विचारत नाही. तो किती लवकर फेकता येतो हे महत्त्वाचं. म्हणून तिथे नाडीला आणि भोकांना थाराच नाही. नाडीवर ठिणगी अडकून बसते. बाजूला रबरी ताणपट्टीचा गळा किंवा वर झाकण असलेला, एका झटक्यात निघणारा बूट चालतो. रबरी ताणपट्टीचा असा बूट जोसेफ स्पार्क्स-हॉल या लंडनच्या चर्मकारानं १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी केला होता, आणि आज तोच नमुना भट्टीसमोर उभा आहे. घोट्याला आधार हवा अशा खडबडीत जमिनीवर मात्र तो कामाचा नाही.

काढण्याचा प्रश्न अग्निशमन दलातही आता गंभीरपणे घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामातला संपर्क कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. आगीहून परतलेल्या बुटावर काजळी असते, आणि नाडी असो वा चेन, ती सोडायला बोटं नेमकी त्याच काजळीत जातात. म्हणून काढताना हातमोजे तसेच ठेवायचे, टाच लाकडाच्या खाचेत अडकवायची आणि पाय वर ओढून घ्यायचा. तसं करता यावं म्हणून बुटाच्या टाचेमागे एक छोटीशी कड ठेवलेली असते. घालताना तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.