संरचनात्मक रंग

रंगद्रव्याने प्रकाशाचा काही भाग शोषल्यामुळे नव्हे, तर पदार्थातील अतिसूक्ष्म रचनेत प्रकाशाचे व्यतिकरण (लहरी एकमेकींत मिसळून काही रंग ठळक व काही क्षीण होणे), विवर्तन (सूक्ष्म कडा वा फटींपाशी लहरी वळून पसरणे) किंवा प्रकीर्णन (सूक्ष्म कणांमुळे प्रकाश विखुरणे) झाल्यामुळे दिसणाऱ्या रंगास संरचनात्मक रंग म्हणतात. मोरपीस हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मोरपिसाचा डोळा खिडकीसमोर धरून आरपार पाहिल्यास निळा-हिरवा झळाळ मावळतो आणि काळपट तपकिरी छटा तेवढी उरते. ती मेलॅनीन या रंगद्रव्याची असते.

या रंगांच्या उगमाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. पीस पाण्याने भिजताच त्याचे रंग लोपतात, असे रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्येच नोंदवले होते, तर १७०४ मध्ये न्यूटन यांनी त्यांचा संबंध साबणाच्या फुग्यासारख्या पातळ पटलांच्या रंगांशी जोडला. असे असूनही पक्षी व कीटक यांचे बहुतेक झळाळते रंग धातूसारख्या पृष्ठीय परावर्तनाचे असावेत, असे मत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन यांनी १९११ मध्ये मांडले. व्यतिकरणमापक घडवणाऱ्या शास्त्रज्ञाने व्यतिकरणाचे स्पष्टीकरण नाकारावे, हे काहीसे नवलाचे आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅली यांचा कल (१९१९) व्यतिकरणाकडे होता आणि १९४० च्या दशकात मॉर्फो फुलपाखराच्या पंखांवरील खवल्यांची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्यावर तोच पक्ष बळकट झाला. झळाळ नसलेल्या निळ्या पिसांचा रंग मात्र आकाशाच्या निळाईप्रमाणे साध्या प्रकीर्णनाचा समजला जाई. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नीलपंख पक्ष्याची पिसे तपासून १९३० च्या दशकात या समजुतीविषयी शंका घेतली होती. पुढे अशा पिसांतील रचनेतही ठराविक अंतरांची सुसंगती आढळली.

मोरपिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनीनच्या कांड्या केराटीन या प्रथिनाने जोडलेल्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार या जाळीतील अंतर निळ्या भागात सुमारे १४०, हिरव्यात १५० व पिवळ्यात १६५ नॅनोमीटर भरते. म्हणजे द्रव्ये तीच राहतात आणि केवळ अंतर बदलून रंग बदलतो. मॉर्फोच्या पंखात कायटीन या कीटकांच्या कवचातील द्रव्याचे थर व मधली हवा हेच काम करतात; पंखावर अल्कोहोलचा थेंब टाकल्यास हवेची जागा द्रव घेतो, निळा रंग हिरवा होतो आणि थेंब उडून गेल्यावर परततो.

या तत्त्वावर जपानमध्ये पॉलिएस्टर व नायलॉन यांचे ६१ थर असलेला, रंग न देता रंगीत दिसणारा ‘मॉर्फोटेक्स’ हा धागा तयार करण्यात आला. पाहण्याचा कोन बदलताच छटा बदलणे ही अशा द्रव्यांतील मुख्य अडचण होय. ती टाळण्यासाठी रचनेत हेतुपुरस्सर थोडी अनियमितता ठेवतात. मॉर्फोच्या खवल्यांतही ती असते.