वर्गातली शिस्त: पंतोजींच्या घोडीपासून कलम १७ पर्यंत

नाशिकमधल्या कुठल्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत एक वाक्य हमखास कानावर येतं: "आता पोरांना काही बोलायची सोयच राहिली नाही." त्याच शाळेच्या फाटकाशी एखादे पालक सांगून जातात, "सर, खुशाल दोन ठेवून द्या, पण अभ्यासाला लावा." दोघांच्याही मनात शिस्त म्हणजे शिक्षा हे पक्कं बसलेलं आहे. ते बसलं कसं, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

सरकारी शाळा येण्याआधी गावोगावी पंतोजींची शाळा भरे, देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या ओसरीवर. लहान-मोठी पोरं एकत्र बसत, धूळपाटीवर अक्षरं गिरवत, मोडी घोटत आणि परवचा म्हणत. छडी होतीच, शिवाय घोडी होती. आढ्याला बांधलेल्या दोराला पोराला लोंबकळत ठेवायचं, अशी ही शिक्षा. मात्र याच शाळांत आणखी एक रीत होती: मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेत वाळूवर अक्षरं गिरवणारी मुलं पाहिली, तो प्रकार आपल्या शाळेत आणला आणि मुलांनाच मुलांवर नेमलं. इंग्लंडात जोसेफ लँकेस्टर यांनी अशाच पद्धतीचा मोठा प्रसार केला. लँकेस्टर मारण्याच्या विरोधात होते, पण टोपलीत बसवून वर टांगणं त्यांना चालत असे. म्हणजे अंगावरचा मार गेला आणि चारचौघांतली फजिती आली. १८२० च्या दशकात हीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांत पोहोचली. फळ्याच्या कोपऱ्यात "बोलणाऱ्यांची नावे" लिहिणारा आपला मॉनिटर याच घराण्यातला आहे.

पुढचं वळण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या आदेशानंतर, शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं आणि १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात ते निकालाला बांधलं गेलं. तपासनीस यायचा, एकेका मुलाची परीक्षा घ्यायचा आणि त्यावर शाळेचे पैसे ठरायचे. मुलगा अडखळला की नुकसान शाळेचं. अशा वर्गात प्रश्न विचारणारं पोर अडचणीचं, आणि गप्प बसून पाठ म्हणणारं गुणी. १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावाने निकालावरचं अनुदान मागे पडलं, पण त्यातून आलेली सवय टिकली. "साहेब येणार" म्हटलं की आजही हाताची घडी आणि तोंडावर बोट.

नाशिकमध्ये या शिस्तीला राजकीय धारही आली. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी राजकीय सभांना गेले तर शाळेचं अनुदान आणि मान्यता जाईल, अशी तंबी दिली. सावरकरांच्या मित्रमेळा आणि अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनांच्या या गावात ते परिपत्रक नुसतं कागदावर राहणं शक्य नव्हतं. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्यानंतर सरकारच्या नजरेत नाशिकचा शाळकरी मुलगा म्हणजे संशयित. मुलाच्या वागण्याची नोंद ठेवणं हा पोलिसी विषय झाला.

इथल्या संस्थांनी पुढे आपापल्या वाटा काढल्या. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा. १९३७ साली तर दोन टोकांची कामं एकाच वेळी उभी राहिली. डॉ. मुंजे यांचं भोसला मिलिटरी स्कूल कवायतीवर चालणारं, आणि दादासाहेब बिडकर यांचं डांग सेवा मंडळ आदिवासी मुलांसाठी. मुलांना शिक्षा नको आणि बक्षिसाचं आमिषही नको, हा विचार बालशिक्षणात काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मांडला, तोही याच सुमाराचा. ताराबाईंचं कोसबाडचं काम शेजारच्याच डोंगरपट्ट्यातलं. पण तो विचार बालवाडीच्या उंबऱ्याशीच थांबला. पहिलीत गेलं की पट्टी, अंगठे धरणं, कोंबडा. आनंद निकेतनसारखी नाशिकची प्रयोगशील मराठी शाळा आजही वेगळी म्हणून ओळखली जाते, यातच सगळं आलं.

कायदा सावकाश बदलला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा वर्ज्य मानली. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांच्या नियमांतली मारण्याची मुभा रद्द केली. आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं, तेव्हा आपल्याला कसलीच शिक्षा झाली नाही असं सांगणारी मुलं निघाली फक्त नऊ. बंदी हवीच होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

छडी काढून घेताना शिक्षकाच्या हातात काय दिलं, हा प्रश्न मात्र उरतो. खरं तर उत्तर १९७० सालीच पुढे आलं होतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण तपासलं. गडबड झाल्यावर चांगले शिक्षक काही वेगळं करत असतील, असा अंदाज होता. तो चुकला. गडबड झाल्यानंतर सगळे साधारण सारखंच वागत होते. फरक होता तो आधीच्या मिनिटांत. चांगल्या शिक्षकाची नजर सगळ्या वर्गावर फिरत राहायची, एका कामातून दुसऱ्यात जाताना वेळ रेंगाळायचा नाही, आणि कुरबुर सुरू होताच तो नेमक्या मुलापाशी पोहोचायचा. फळ्याकडे तोंड करून पाच मिनिटं लिहिलं की मागच्या बाकावर काय होतं, हे कुठल्याही मास्तरांना विचारा.

बी.एड.ला "वर्ग व्यवस्थापन" असतं, पण बहुतेकदा परीक्षेच्या उत्तरापुरतं. सराव पाठाला मुलं आधीच दटावून बसवलेली असतात, मग शिकणार काय? सातपूर-अंबडच्या शाळांत घरी हिंदी-भोजपुरी बोलणारी कामगारांची मुलं येतात. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी. मास्तरांचं मराठी कळलं नाही म्हणून गप्प राहिलेलं पोर तिथे सहज "हट्टी" ठरतं. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. नववी-दहावी त्या कायद्याच्या बाहेर आहे, आणि मुलं वयात येतात, उलट उत्तरं देऊ लागतात ती तिथेच.