आहार आणि व्यायाम: एका चुकलेल्या बेरजेची पार्श्वभूमी

२०१८च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एकच वाद रंगला होता: दिवसातून दोनदाच जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं? राज्याच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणून दोन वेळांच्या बाजूचे प्रवर्तक निवडले गेले आणि वादाला आणखी धार आली. त्यांच्या पद्धतीत ५५ मिनिटांच्या दोन जेवणांइतकंच ठळकपणे ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही सांगितलं होतं. त्यावर मात्र कोणी भांडलं नाही. व्यायाम दोन्ही बाजूंना मान्य होता, म्हणून तो चर्चेतूनच गळाला. आहाराच्या इतिहासात हे असं बऱ्याचदा झालं आहे.

माणसाला बंद खोलीत ठेवून त्याची ऊर्जा मोजण्याचे प्रयोग १८९०च्या दशकात अमेरिकेत झाले. खाण्याच्या पाकिटांवर आज दिसणारे आकडे त्याच परंपरेतले. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची पाहणी हुगळीकाठच्या एका ज्यूट गिरणीत झाली आणि १९५६ साली छापून आली. गिरणीतल्या २१३ जणांचं वजन, खाणं आणि काम तपासलं गेलं. हलकं ते अतिकष्टाचं काम करणाऱ्यांत जितकं काम जास्त तितकं खाणं जास्त, आणि वजन जवळपास स्थिर. पण दिवसभर दुकानात बसून असलेले लोक कष्टकऱ्यांइतकंच खात होते, आणि वजनात सर्वांत पुढे होते. म्हणजे हालचाल एका पातळीखाली गेली की भूक तिच्यासोबत कमी होत नाही. ‘बसून खातो’ या आपल्या शेऱ्याला एवढा पक्का पुरावा फार कमी ठिकाणी मिळेल. तरी ही पाहणी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही.

माहीत झालं ते दोनच वर्षांनी आलेलं एक गणित. १९५८ साली एका अमेरिकी डॉक्टरांनी हिशोब मांडला: एक पौंड शरीरवजन म्हणजे ३,५०० कॅलरी, किलोमागे साधारण ७,७००. चरबीच्या ऊतीत सुमारे ८७ टक्के स्निग्ध पदार्थ असतो, त्यावरून काढलेला हा आकडा तसा चुकीचा नव्हता. चूक झाली ती वापरात. रोज ५०० कॅलरी कमी करा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, दवाखान्यांतल्या छापील तक्त्यांत आणि पुढे मोबाइल ॲपमध्ये जाऊन बसलं. हाच हिशोब वर्षभर चालवला तर जवळपास २४ किलो होतात. ६० किलोची बाई अडीच वर्षांत नाहीशीच व्हायला हवी! शरीर तसं चालत नाही. वजन उतरलं की लहान झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते, आणि काही प्रमाणात ते त्याहूनही जास्त काटकसर करतं. २०११ साली आलेल्या सुधारित गणितात रोजच्या २४ कॅलरींच्या कायम कपातीमागे अखेरीस एक किलो धरला आहे. त्यातला निम्मा फरक पडायला सुमारे एक वर्ष, जवळपास पूर्ण पडायला तीन. म्हणजे त्याच ५०० कॅलरींनी पहिल्या वर्षात दहाएक किलो. तरीही आपल्याकडच्या बऱ्याच डाएट तक्त्यांवर ‘आठवड्याला अर्धा किलो’ ठाण मांडून आहे.

या गणिताने आणखी एक घोळ घातला. आहारातून वाचवलेल्या आणि व्यायामाने जाळलेल्या कॅलरी एकाच वहीत जमा करायची सवय लागली. वास्तविक साडेचार किलोमीटर चालून साधारण वजनाच्या माणसाच्या दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. एक वडापाव त्यांची सहज भरपाई करतो. आहार आणि व्यायाम यांच्या जोडीचा परिणाम बेरजेसारखा दिसत नाही, हे १९९७च्या एका मोठ्या आढाव्यात स्पष्ट झालं. साधारण १५ आठवड्यांत आहाराने १०.७ किलो, व्यायामाने २.९ आणि दोन्हींनी मिळून ११ किलो घट. मग व्यायाम कशाला? वर्षानंतरच्या आकड्यांत याचं उत्तर होतं: नुसत्या आहारवाल्यांची ६.६ किलो घट टिकली होती, जोडीवाल्यांची ८.६. २०१२ सालच्या अमेरिकी चाचणीत पाळी गेलेल्या ४३९ स्त्रियांवर वर्षभर हेच तपासलं तेव्हा आहाराने ८.५ टक्के, व्यायामाने २.४ आणि दोन्हींनी १०.८ टक्के वजन घटलं; इथे मात्र बेरीज जवळपास जुळली.

मधुमेहाच्या चाचण्यांनी दिशा थोडी वळवली. अमेरिकेत २००२ साली सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल असं लक्ष्य ठेवून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आलं. २००६ साली चेन्नईतून आलेली ५३१ जणांची चाचणी मला अधिक बोलकी वाटते. तिथे आहार-व्यायामाच्या गटात धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि वजन मात्र म्हणण्यासारखं हललंच नाही. काट्याकडे बघून महिन्याभरात फिरणं सोडून देणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

२०१२ साली टांझानियातल्या शिकारी-संकलक लोकांची रोजची ऊर्जा मोजली, तर शरीराच्या आकाराच्या हिशोबात ती पाश्चात्त्य शहरी माणसाइतकीच निघाली. त्यावरून व्यायामाने ऊर्जेचा रोजचा खर्च एका मर्यादेपुढे वाढत नाही असा सिद्धान्त मांडला गेला. त्यावर अजून मतभेद आहेत.

२०२५ साली वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतात आली. त्यांच्या माहितीपत्रकातही कमी कॅलरींचा आहार आणि वाढीव हालचाल यांच्या जोडीलाच औषध घ्यावं, असं लिहिलेलं आहे; बोलताना मात्र ते वाक्य गाळलं जातं. अशाच वर्गातल्या एका जुन्या औषधाची डेन्मार्कमध्ये १९५ जणांवर चाचणी झाली होती. आधी आठ आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी १३ किलो उतरवले, मग वर्षभर कोणाला इंजेक्शन, कोणाला देखरेखीखाली व्यायाम, कोणाला दोन्ही. वर्ष संपल्यावर सगळंच थांबवलं. पुढच्या वर्षभरात नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांचं वजन व्यायामवाल्यांपेक्षा सुमारे सहा किलो जास्त परत आलं.