किल्ला नसलेलं ‘फोर्ट कोची’: बोटीच्या आणि सायकलच्या वाटेची पार्श्वभूमी

कोचीला गेलेला आपला माणूस एर्नाकुलमच्या धक्क्यावरून बोट पकडतो, पलीकडे भाड्याची सायकल घेतो आणि दिवसभर जे बघेल त्या सगळ्याला ‘फोर्ट कोची’ म्हणतो. मट्टनचेरीचा राजवाडा, 1568 चं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मसाल्यांची गोदामं, सगळं त्या एका नावात कोंबलं जातं. मला हे खटकतं, कारण त्यात अर्धं गाव पुसलं जातं.

मुळात तिथे किल्ला नाही. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये उभारलेला किल्ला 1663 मध्ये डचांनी घेतला आणि लहान केला. 1795 मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि 1806 मध्ये त्यांनी तट पाडून टाकला. तट गेला तरी ‘फोर्ट’ राहिला, कारण एव्हाना तो हद्दीचा शब्द झाला होता. आतला तुकडा थेट इंग्रजांचा, मद्रास इलाख्यातल्या मलबार जिल्ह्यात मोडणारा. लगतची मट्टनचेरी आणि पाण्यापलीकडचं एर्नाकुलम कोचीच्या राजाचं. ही हद्द स्वातंत्र्यानंतरही हलली नाही. 1949 मध्ये कोची संस्थान त्रावणकोरशी जोडलं गेलं, फोर्ट कोची मात्र मद्रास राज्यातच राहिलं. 1 नोव्हेंबर 1956 ला केरळ झालं तेव्हा कुठे दोन्हींचं राज्य एक झालं, आणि महापालिका एक व्हायला 1967 उजाडलं. आज सायकलवर पंधरा मिनिटांत आपण जे अंतर कापतो, त्यात दोन राज्यांची सीमा होती.

मट्टनचेरीचं वेगळेपण या हद्दीतूनच समजतं. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबं राजाच्या मुलखात विसावली. त्यांचं तिरुमल देवस्थान तिथेच आहे आणि आसपास आजही कोकणी कानावर पडते. सिनेगॉगही राजवाड्याला लागूनच आहे. फोर्टच्या नावाखाली हे सगळं खपवणं म्हणजे आश्रय देणाऱ्याचंच नाव गाळणं.

बंदराची जुनी गोष्ट थोडक्यात: 1341 च्या पुरानंतर मुझिरिस हे प्राचीन बंदर मागे पडलं आणि कोचीचा भाग्योदय झाला, असं मानतात. खरी उलथापालथ विसाव्या शतकातली. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने मोठी जहाजं बाहेर समुद्रातच नांगर टाकत. 1920 मध्ये आलेल्या एका इंग्रज अभियंत्याने तो कापायचं काम हाती घेतलं आणि 1928 मध्ये मोठं जहाज आतल्या बंदरात शिरलं. उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं राहिलं. ते ज्या गव्हर्नरच्या नावाने ओळखलं जातं, ते मद्रासच्या आधी मुंबईचे गव्हर्नर होते. मालाची ये-जा नव्या धक्क्यांकडे सरकली, पूल झाले, बस धावू लागल्या आणि जी बोट इथला मूळ रस्ता होती ती दुय्यम ठरली.

ती आता परतते आहे. 2018 मध्ये समोरच्या व्हायपिन बेटापासून फोर्ट कोचीपर्यंत रो-रो, म्हणजे वाहनं थेट चढवून नेणारी बोट, सुरू झाली. तिच्यावर सायकलसकट चढता येतं. 2023 च्या एप्रिलमध्ये विजेवर चालणाऱ्या वॉटर मेट्रोच्या बोटी आल्या आणि पुढच्याच वर्षी त्या फोर्ट कोचीला लागू लागल्या. मट्टनचेरीच्या वाट्याला स्वतःचा थांबा आला तो 2025 मध्ये.