बेल वाजवायची मुभा

एप्रिल-मे महिन्यांत लातुरात दुपारी लेकरांनी खेळायचं कुठं? मैदानात पाय भाजतात, गच्चीवर त्याहून जास्त, पार्किंगमध्ये गाड्या. उरला जिना. आमच्या इमारतीचा जिना म्हणजे शहाबादी फरशीच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना गुळगुळीत गिलावा आणि वर स्लॅब. चेंडू तिसऱ्या मजल्यावरून सुटला की खाली पोचेपर्यंत किती पायऱ्यांना लागला, हे मी घरात बसून मोजू शकतो.

मागच्या उन्हाळ्यात एकदा मी दार उघडून चांगलाच ओरडलो. सगळी गप्प झाली. एक जण तेवढा बोलला, "काका, आम्ही हळूच खेळायलो की."

आत येऊन मी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडलं. ही अ‍ॅप काटेकोर नसतात, पण अंदाज येतो. पोरांनी पुन्हा खेळ सुरू केला, तेव्हा माझ्या बैठकीत आकडा साठ डेसिबलच्या आत-बाहेर होता. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि आकडा साठच्या बराच वर चढला. ट्रकचा मला अजिबात राग आला नव्हता. आला होता तो लेकरांचा.

डेसिबलचं गणित थोडं फसवं आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. आता, समोरासमोर बसून दोन माणसं गप्पा मारतात तो आवाजच साठच्या घरात असतो. म्हणजे हे आकडे एखाद्या लेकराच्या आरोळीला लावायचे नसून भागातल्या सरासरी आवाजासाठी आहेत. आणि माणूस किती वैतागेल हे तर त्यावरून मुळीच कळत नाही. आवाज आणि चीड यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे वारंवार दिसलंय की चिडीचा लहानसा हिस्साच आवाजाच्या पातळीवरून सांगता येतो. बाकीचं ठरतं तो आवाज कसला, कुणाचा, कधीचा आणि आपल्या हातात काय आहे यावर.

आधी 'कसला' ते बघू. लहान मुलांचे स्वरतंतू आखूड, म्हणून आवाज उंच पट्टीचा. त्या आवाजाचे वरचे अंश, विशेषतः ओरडताना, २ ते ५ हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, पट्ट्यात भरपूर असतात, आणि नेमका तिथेच माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप फुगवते. शिवाय किंचाळीत आणखी एक गुण असतो, खरखरीतपणा. बोलताना आवाजाचा जोर सेकंदाला चार-पाच वेळा वर-खाली होतो, किंचाळीत तो ३० ते १५० वेळा होतो. २०१५ साली ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा खरखरीतपणा मेंदूतल्या भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाला जागं करतो. मोटारीच्या अलार्ममध्येही हाच गुण असतो. थोडक्यात, लेकराच्या आरोळीकडे दुर्लक्ष करता येऊ नये अशीच आपली घडण आहे. जिन्यातला गलका ऐकून मी दचकतो तो माझ्या आजीच्या आजीच्या कृपेने. तिने दुर्लक्ष केलं असतं तर मी नसतो.

पण तेवढ्यावर जिना सुटत नाही.

दगड, गिलावा, काँक्रीट यांवर आवाज आदळला की त्यातला दोन-तीन टक्केच मुरतो, बाकीचा परत येतो. असं शेकडो वेळा होतं आणि एक आरोळी पुढच्या आरोळीत मिसळते. याचं शास्त्र पहिल्यांदा नीट मांडलं ते वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळेना; तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबाइन रात्री सामसूम झाली की शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथे आणायचे, घुमण्याचा वेळ मोजायचे आणि उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचे. शोषणाचं त्यांनी घेतलेलं माप मला फार आवडतं, उघडी खिडकी. कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

घुमणं वाईटच असतं असं नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा लेण्यात, कधी हळू आवाजात 'ओम' म्हणून बघा. कातळात कोरलेल्या त्या वासेदार छताखाली स्वर असा लांबतो की आपण बरे गायक आहोत असा भ्रम होतो. त्याच लेण्यात शाळेची सहल शिरली की गुरुजी काय सांगताहेत ते पहिल्या रांगेलाही कळत नाही. लांब, संथ स्वराला जे साजतं तेच भरभर बोलण्याला मारक. आमचा जिना म्हणजे दहावं लेणंच, फक्त बुद्धमूर्ती नाही.

आणि गोंगाटात माणूस स्वतःचा आवाज नकळत चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी १९११ साली हे नोंदवलं. जिना घुमतो म्हणून लेकरं एकमेकांना ऐकू जावं म्हणून ओरडतात, ओरडतात म्हणून जिना आणखी घुमतो. "हळूच खेळायलो की" हे त्या पोराचं म्हणणं त्याच्या कानापुरतं खरं होतं.

यावर उपाय सापडला तो अपघाताने. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्या वाकळा धुतल्या आणि गच्चीत जागा नाही म्हणून जिन्याच्या कठड्यांवर टाकल्या. दोन दिवस जिना असा मऊ झाला की मला वाटलं पोरं गावाला गेली. जाड सुती वाकळ उंच पट्टीचा आवाज चांगला पिते. खालच्या पट्टीचा, म्हणजे चेंडूचा धपका, तिला तितकासा पेलत नाही. तो तसाच राहिला.

आता भिंती. लातूर-धाराशिवकडचं जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथली शांतता आठवत असेल. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. आवाज अडवण्याचा ढोबळ नियम असा की भिंतीचं वजन दुप्पट केलं की आणखी पाच-सहा डेसिबल अडतात. दोन फुटी दगडमातीच्या भिंतीचं दर चौरस मीटरचं वजन हजार-बाराशे किलो. आजच्या चार इंची विटेच्या भिंतीचं, गिलावा धरून, सव्वादोनशेच्या आसपास. नियमाने हिशेब केला तर फरक १२ ते १४ डेसिबलचा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर या भागात जाड भिंतीची धास्ती बसली, आणि ती रास्त होती. पातळ भिंतीतून येणारा शेजारच्याचा तबला ही त्यामानाने फारच स्वस्त किंमत.

तबला म्हणालो, कारण दुसऱ्या मजल्यावर एक आठवीतली मुलगी आहे. दोन वर्षांपासून शिकतेय, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देतेय. आणि तिच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, 'नीट'ची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी दोन मुलं भाड्याने राहतात, एक परभणीकडचा, एक अहमदपूरचा. लातूर हे असंच गाव आहे. गल्लीगल्लीत, घराघरात एखादी खोली अभ्यासाला आलेल्या पोरांची. त्यांच्या आईबापांनी इथली शांतता पैसे मोजून घेतलेली असते.

शिकाऊ हाताचा तबला का खुपतो? साध्या चामड्याचा पडदा वाजवला तर त्याच्या कंपनांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट, असा विस्कळीत मामला, म्हणून ढोलाला सूर सांगता येत नाही. तबल्याच्या मधोमध लावलेली काळी शाई हे सगळं सरळ करते. वरची कंपनं दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पायरीवर येतात आणि तबला सुरात बोलतो. हे दाखवलं चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, शिवकाली कुमार यांच्यासोबत, १९२० साली. नोबेल त्यानंतर दहा वर्षांनी. मात्र शाई अर्धंच काम करते, उरलेलं बोटांचं. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवायची आणि तर्जनीने किनारीवर आघात करायचा. टेकलेलं बोट मूळचं कंपन दाबतं, त्यावरचं मोकळं सोडतं. बोट जरा जास्त दाबलं की 'ना'चा 'टक' होतो. कमी दाबलं की भलतंच काही गुणगुणतं. पहिल्या वर्षी दहातले सात 'टक' असतात, आणि ते ऐकायचे शेजाऱ्यांनी.

गाणाऱ्यांचंही असंच. तेराव्या शतकात याच मराठवाड्यात, देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत: घाबरत गाणारा तो भीत, भयंकर तोंड वासणारा कराली, कावळ्यासारख्या आवाजाचा काकी, उंटासारखी मान उंचावणारा करभ. इतकी बारीक यादी करणाऱ्या माणसाच्या शेजारी कुणीतरी रियाझ करत असणार, अशी माझी आपली शंका.

खुपण्याचं दुसरं कारण मेंदूत आहे. मेंदू ऐकता ऐकता पुढचा आवाज आधीच ताडत असतो. ताडलेलं चुकलं की आपलं लक्ष नसतानाही सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास मेंदूत एक विद्युत-खूण उमटते. फिनलंडच्या रिस्तो नाटानेन यांनी ती १९७८ साली टिपली. आमची तबलेवाली 'धा धा तिट धा धा तू ना' हा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, साध्या लयीत छान वाजवते, दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेली की 'तिट'ला अडखळते. अडखळते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा ती 'तिट'जवळ आली की वरच्या मजल्यापर्यंत सगळे श्वास रोखून. अस्खलित वादकाच्या तासाभराच्या वादनापेक्षा हे दहा मिनिटं जड जातं. पाठांतरावरच्या प्रयोगांतही हेच दिसतं: एकसुरी आवाजापेक्षा बदलता आवाज स्मरणाला जास्त छळतो, मग तो हळू असला तरी. नीटवाल्या पोरांचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पाठांतर चालू असताना खाली 'तिट' अडकणं, म्हणजे त्यांची तक्रार खोटी नव्हतीच.

पहिला उपाय साधा होता. तबला चुंबळीवर असला तरी चुंबळ फरशीवर. कंपन थेट स्लॅबमध्ये. खाली घडी केलेली जाड वाकळ (पुन्हा काकूंचीच) घातल्यावर वरचा धपका बराच कमी झाला. दाराखालची फट पायपुसण्याने बुजवली. आवाजाला बोटभर फट पुरते, हे पाण्यासारखंच.

दुसरा उपाय मुलीच्या आईने काढला आणि तो ऐकून मला एक जुना प्रयोग आठवला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना १०८ डेसिबलचा भीषण गोंगाट ऐकवला: स्पॅनिश बोलणारे दोघं, आर्मेनियन बोलणारा एक, टाइपरायटर आणि आणखी यंत्रं, सगळं एकावर एक. काहींच्या हाताशी बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. नंतर शांततेत सगळ्यांना कोडी दिली, त्यांतली काही मुळात न सुटणारी. बटण नसलेल्यांनी लवकर हात टेकले आणि मुद्रितं तपासताना चुकाही जास्त केल्या. बटणवाले कितीतरी वेळ झगडत राहिले. गोंगाट दोघांनी सारखाच ऐकला होता. बटण त्यांनी दाबलंच नव्हतं.

मुलीच्या आईंना या प्रयोगाची काही खबर नव्हती. त्या वर जाऊन पोरांना म्हणाल्या, "बाळांनो, तिची वेळ संध्याकाळी सहा ते पावणेसात. टेस्ट असली, डोकं दुखत असलं, तर आमची बेल वाजवा. कारण सांगायची गरज नाही, ती लगेच थांबेल."

आवाज बंद करण्यापेक्षा सांभाळून घ्यायचा, या दिशेने कायदेही हळूहळू आलेत. जर्मनीने २०११ साली पाळणाघरं आणि खेळाच्या जागांमधला मुलांचा आवाज सहसा उपद्रव धरायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं. तिथल्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये एका ट्रम्पेटवाल्याच्या खटल्यात सांगितलं की घरात वाद्य वाजवणं हा घर वापरण्याचाच भाग आहे. कामाच्या दिवशी दोन-तीन तास, सुटीच्या दिवशी एक-दोन तास हा अंदाजी मापदंड.

आपल्याकडे मला खटकतं ते वेगळंच. १०० डेसिबलचा आवाज, अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने, कानाने दिवसाला पंधरा मिनिटंच सोसावा. वरातीतला डीजे त्याच्या पुढे सहज जातो आणि तास-तास आपल्या दारात उभा राहतो. त्याने कानातल्या ज्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत. त्याला कुणी "हळू" म्हणत नाही, मीही म्हटलेलं नाही. मी ओरडलो ते चेंडूवाल्यांवर, कारण ते ऐकतील याची खात्री होती.

बेलचं म्हणाल तर ती पाच महिन्यांत एकदाच वाजली, सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी. मुलगी लगेच थांबली, दुसऱ्या दिवशी पुन्हा 'तिट'. दिवाळीच्या सुमारास ते अडखळणं सुटलं. आता अहमदपूरचा पोरगा प्रश्न सोडवताना टेबलावर पेन्सिलीने तोच कायदा वाजवतो, दुगुनीत, न चुकता. परभणीवाल्याने परवा जिन्यात मला गाठून विचारलं, "काका, याला काही बेल-बिल आहे का?"