स्मृतिभ्रंश संशोधन केंद्र सुरू करताना: एथिक्स कमिटीची नोंदणी, संमती आणि लागणारी कागदपत्रं

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधली एखादी संस्था स्मृतिभ्रंशावर संशोधन करायचं ठरवते, तेव्हा पहिली धावपळ जागा, न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआयसाठी होते. फाईल अडते ती मात्र एथिक्स कमिटीत (सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता पाहून संशोधनाला मंजुरी देणारी समिती) आणि संमतीच्या कागदावर. ही दोन कामं सगळ्यात आधी हाती घ्या.

अर्ज कोणाला करता येतो

वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय किंवा नोंदणीकृत न्यास. न्यास असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) ताजा उतारा, पॅन आणि विश्वस्त मंडळाचा ठराव काढून ठेवा. उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच असतात आणि सही करणाऱ्याचं नाव नसतं, हा नेहमीचा घोळ. विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावा लागतो. तो राहिला असेल तर आधी तो मार्गी लावा.

एथिक्स कमिटी

नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, 2019 प्रमाणे दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. स्मरणशक्तीची तपासणी, प्रश्नावली, सर्वेक्षण असं संशोधन असेल तर आरोग्य संशोधन विभागाकडे ‘नैतिक’ पोर्टलवर फॉर्म सीटी-01 भरायचा. आधी तात्पुरती नोंदणी मिळते, 2 वर्षांची. अंतिम नोंदणी, फॉर्म सीटी-03, ही 5 वर्षांची. नवीन औषधाची चाचणी करायची असेल तर नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे करावी लागते.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीत 7 ते 15 सदस्य हवेत. निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच आणि सदस्य सचिव संस्थेतला. संस्थाप्रमुख सदस्य असू नये. आपल्याकडे संस्थेच्या अध्यक्षांनाच मानाने कमिटीच्या खुर्चीत बसवतात आणि तिथेच अर्ज परत येतो. वकील, समाजशास्त्रज्ञ आणि वैद्यकक्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती लागतेच. ही सामान्य व्यक्ती इथली बोली कळणारी निवडा. संमतीपत्र गावातल्या माणसाला समजेल का, हे तीच सांगू शकते. प्रत्येक सदस्याचा बायोडेटा, सदस्य व्हायला तयार असल्याचं पत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, गोपनीयतेचं हमीपत्र आणि कमिटीची लेखी कार्यपद्धती जोडायची. बैठकीला किमान 5 सदस्य हजर नसतील तर निर्णय ग्राह्य नाही.

स्वतःची कमिटी नसेल तर सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेची वापरता येते. औषध चाचणीला मात्र ती त्याच शहरात किंवा 50 किलोमीटरच्या त्रिज्येत असावी लागते. त्यामुळे नंदुरबारच्या केंद्राला धुळ्याची कमिटी चालत नाही, आणि धुळ्याला जळगावची.

संमती: सगळ्यात नाजूक टप्पा

विस्मरण झालेल्या आईच्या वतीने मुलाने सही केली की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकार येतात. कलम 99 प्रमाणे रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नसेल, पण सहभागाला विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळाल्यावरच नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेल्या माणसाची, संमती चालते. अर्जात दाखवायचं ते असं: संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर हे संशोधन होऊच शकत नाही, अशा रुग्णांच्या आरोग्यासाठी ते गरजेचं आहे, पैसा आणि हितसंबंध उघड केले आहेत, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. नाव-गाव गुप्त ठेवून फक्त जुने केसपेपर अभ्यासायचे असतील तर ही अट आड येत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा, की आजार सौम्य असतानाच रुग्णाकडून प्रतिनिधी नेमून घ्या. साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यासह ते होतं. पुढे आजार वाढला तरी त्या माणसाने स्वतः निवडलेला आवाज फाईलमध्ये राहतो. मात्र संमती कधीही मागे घेता येते. एखाद्या दिवशी आजोबांनी सुई पाहून हात ओढून घेतला, तर कागदावर कोणाचीही सही असो, तिथेच थांबायचं.

संमतीपत्र मराठीत हवंच. वाचून दाखवणारा मात्र अहिराणी, लेवा बोली, सातपुड्यात भिली किंवा पावरी बोलणारा असावा. ‘तुमले समजनं का?’ विचारलं की माणूस ‘हा’ म्हणतोच. त्याऐवजी काय काय करणार आहोत, ते त्यालाच सांगायला लावा आणि त्याचं उत्तर टिपून ठेवा. निरक्षर व्यक्तीचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार हवा. पाड्यावर कारभाऱ्याने होकार दिला, तरी प्रत्येकाची संमती वेगळी घ्यायची.

प्रस्तावाबरोबर

स्मरणशक्ती तपासायला ज्या प्रश्नावलीच्या चाचण्या वापरणार, त्यांच्या परवानग्या जोडा. एमएमएसई ही चाचणी कॉपीराइटखाली आहे. मोका (MoCA) ही चाचणी वापरायला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. शिवाय ज्यांनी कधी पाटी धरली नाही, त्यांना वाक्य लिहायला सांगून गुण कापले तर निरोगी माणूसही आजारी ठरतो. निरक्षरांसाठी बेतलेली एचएमएसई ही चाचणी हिंदीत आहे. तिचं भाषांतर कसं पडताळलं, हे प्रस्तावात लिहा. सहभागी दुर्बल गटातले असल्याने प्रस्ताव पूर्ण बैठकीसमोरच जातो, त्यामुळे घाई उपयोगी पडत नाही.

औषध, व्यायाम किंवा स्मरणशक्तीचा सराव देऊन परिणाम तपासणार असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी करा. 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. थेट परदेशी निधी घ्यायला एफसीआरए (परकीय योगदान कायदा) नोंदणी हवी. त्यासाठी संस्था 3 वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेला असावा, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच.

संमतीपत्रं आणि नोंदी अभ्यास संपल्यावर किमान 3 वर्षं, औषध चाचणीच्या 5 वर्षं कुलुपात ठेवायच्या. कमिटीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 90 दिवस आधी जायला हवा. ती तारीख सदस्य सचिवांच्या टेबलावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.