रुग्णालयातला संसर्ग मोजण्याचे बदलते नियम

बेळगाव हे सीमाभागातले मोठे दवाखान्यांचे शहर आहे. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल या तालुक्यांतले रुग्ण इथे येतातच, शिवाय राज्याची हद्द ओलांडून चंदगडचे लोकही येतात, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. उलट निपाणीचा रुग्ण कोल्हापूर गाठतो आणि अथणी-कागवाडचा मिरज. उपचारासाठी अशी ये-जा करणाऱ्यांपैकी काही जण मूळ आजार बरा होत असतानाच रुग्णालयातून एक नवा जंतुसंसर्ग घेऊन निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार तातडीच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना उपचारादरम्यान असा किमान एक संसर्ग होतो, आणि बाधितांपैकी सरासरी दहातला एक दगावतो.

हे संसर्ग बऱ्याच अंशी टाळता येतात, पण त्यासाठी ते आधी मोजावे लागतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ‘सेनिक’ नावाच्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की, ज्या रुग्णालयांत संसर्गावर नेटाने देखरेख ठेवली जात होती, त्यासाठी वेगळी प्रशिक्षित परिचारिका होती आणि शल्यचिकित्सकांना त्यांचे आकडे कळवले जात होते, तिथे संसर्गाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि जिथे अशी व्यवस्था नव्हती तिथे ते वाढत गेले. मोजणी ही केवळ कागदोपत्री कारवाई नाही, असे मी ठामपणे म्हणतो ते याच आधारावर. मात्र मोजायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो कशाला संसर्ग म्हणायचे हा, आणि त्याचे उत्तर गेल्या पंधरा वर्षांत अनेकदा बदलले आहे.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. डॉक्टर रुग्णाला तपासून करतात ते निदान. त्यात अनुभव, अंदाज आणि सावधगिरी यांना वाव असतो, कारण समोर एक माणूस असतो आणि त्याला औषध द्यायचे असते. देखरेखीची व्याख्या मात्र हजारो रुग्णांना एकच माप लावण्यासाठी केलेली असते. त्यामुळे डॉक्टरांनी संसर्ग समजून प्रतिजैविके सुरू केली आणि ती योग्यच होती, तरी तो रुग्ण व्याख्येत बसत नसल्याने मोजला जात नाही, असे घडू शकते. याच्या उलटही घडते. जगभर ज्या व्याख्यांचा सर्वाधिक आधार घेतला जातो त्या अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या आहेत. त्यांच्यानुसार संसर्गाची लक्षणे दाखल झाल्याच्या दिवसापासून तिसऱ्या किंवा त्यानंतरच्या दिवशी उमटली तर तो संसर्ग रुग्णालयातला. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उमटली तर रुग्ण तो बाहेरून घेऊन आला असे मानायचे. दिवस तासांवर नव्हे तर तारखेवर मोजायचा, म्हणजे रात्री साडेअकराला दाखल झालेल्या रुग्णाचा पहिला दिवस अर्ध्या तासात संपतो. रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवला आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संसर्ग उघड झाला, तर तो आधीच्या रुग्णालयाच्या खात्यावर जातो, आणि नव्या रुग्णालयाने ते कळवावे अशी अपेक्षा असते. संकेश्वरहून बेळगावला किंवा अथणीहून मिरजेला रुग्णवाहिकेतून हलवलेल्या रुग्णाबाबत ही माहिती उलट दिशेने पोहोचवण्याची सोय असली, तरच हा नियम कामाचा.

व्याख्या बदलण्याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हेंटिलेटरवरील रुग्णांच्या न्यूमोनियाचे आहे. जुन्या व्याख्येत छातीच्या एक्स-रेवर नवी सावली दिसणे ही मुख्य अट होती. पण अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साचले तरी सावली दिसते, फुप्फुसाचा एखादा भाग मिटला तरी दिसते, आणि एकाच एक्स-रेबाबत दोन तज्ज्ञांचे एकमत होईलच असे नसते. ‘कफ वाढला’, ‘कफाचा रंग बदलला’ या अटीही तितक्याच सैल होत्या. अमेरिकेतल्या रुग्णालयांनी कळवलेले न्यूमोनियाचे दर वर्षागणिक खाली येत होते. मात्र रुग्णांच्या फाइली त्रयस्थांनी तपासून केलेल्या एका पाहणीत २००५ ते २०१३ या काळात व्हेंटिलेटरवरच्या साधारण दहा टक्के रुग्णांना न्यूमोनिया होतच राहिल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी मुद्दाम खोटे लिहिले असे यावरून म्हणता येत नाही. व्याख्या सैल असली आणि आकडा कमी यावा अशी सर्वांचीच इच्छा असली, की शंकास्पद रुग्ण ‘नाही’ या बाजूला झुकत जातो, एवढे मात्र दिसते.

म्हणून सीडीसीने जानेवारी २०१३ पासून प्रौढांसाठी मापच बदलले. आता एक्स-रे पाहायचा नाही. व्हेंटिलेटरवरचे आकडे पाहायचे. रुग्ण किमान दोन दिवस स्थिर असावा किंवा सुधारत असावा, आणि त्यानंतर त्याला द्यावा लागणारा ऑक्सिजन २० टक्के बिंदूंनी किंवा श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब पाण्याच्या ३ सेंटिमीटरने वाढवावा लागावा, आणि ती वाढ किमान दोन दिवस टिकावी. तर व्हेंटिलेटरशी निगडित घटना घडली असे नोंदवायचे. ताप, पांढऱ्या पेशी, नवी प्रतिजैविके आणि कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) यांचा विचार त्यापुढच्या पायऱ्यांवर येतो. या व्याख्येत पाणी साचण्यासारख्या संसर्गाव्यतिरिक्तच्या गुंतागुंतीही येतात आणि काही खरे न्यूमोनिया निसटतात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दोन वेगळ्या माणसांनी मोजले तर तोच आकडा येतो, आणि देखरेखीसाठी मला हा गुण अधिक मोलाचा वाटतो.

लघवीच्या नळीमुळे होणाऱ्या संसर्गाची व्याख्या जानेवारी २०१५ मध्ये अशीच आवळली गेली. लघवीत कँडिडा या बुरशीची वाढ झाली तर ती पूर्वी गणली जात असे. नंतर ती वगळण्यात आली, कारण नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत ही बुरशी नुसती वस्तीला असण्याची शक्यता बरीच असते. जिवाणूंच्या बाबतीतही एका मिलिलिटरमध्ये किमान एक लाख वसाहती असतील तरच मोजायचे असे ठरले. दारिद्र्यरेषा खाली ओढली की एकाही घरात ज्यादा भाकरी न भाजता गरिबांची संख्या घटते. तसेच इथे झाले. एकाही वॉर्डात एकही नळी लवकर न काढता संसर्गाचे दर उतरले. २०१४ आणि २०१५ चे आकडे शेजारी ठेवून प्रगती झाली असे सांगणे त्यामुळे चुकीचे ठरते.

भारतात दिल्लीच्या एम्सने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि सीडीसी यांच्या सहकार्याने उभारलेल्या देखरेख जाळ्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २६ रुग्णालयांतल्या ८९ अतिदक्षता विभागांची मोजणी होती. रक्तातल्या संसर्गात क्लेबसिएला हा जिवाणू सर्वांत पुढे होता, तर लघवीच्या संसर्गात कँडिडा. म्हणजे जो जंतू तिकडे यादीतूनच काढला आहे, तो इथे यादीच्या अग्रभागी. हे आकडे अमेरिकेच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, आणि तसे पाहणाऱ्या बातम्या सावधपणे वाचायला हव्यात.

आता प्रत्यक्ष मोजणी कशी होते ते पाहू. अतिदक्षता विभागातली परिचारिका रोज ठरलेल्या एकाच वेळी खाटांवरून फिरते आणि नोंदवहीत तीन रकाने भरते: आज किती रुग्णांना मोठ्या शिरेतली सेंट्रल लाइन आहे, किती जणांना लघवीची नळी आहे आणि किती जण व्हेंटिलेटरवर आहेत. एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी तो एकदाच मोजायचा. महिनाअखेर यातल्या लाइनच्या रकान्याची बेरीज म्हणजे त्या महिन्याचे ‘लाइन-दिवस’, आणि दर काढायचा तो हजार लाइन-दिवसांमागे. समजा, एका दहा खाटांच्या विभागात महिन्याला १८० लाइन-दिवस भरले आणि लाइनमुळे रक्तात संसर्ग झालेले दोन रुग्ण सापडले. तर दर ११.१ येतो. त्यांपैकी एकाच्या पोटातल्या गळवातही तोच जंतू सापडला आणि ते गळू त्याच्या स्वतंत्र व्याख्येत बसले, तर रक्तातला संसर्ग तिथून पसरला असे धरून तो लाइनच्या खात्यातून निघतो, आणि दर एकदम ५.६ वर येतो. एका रुग्णाच्या वर्गवारीने आकडा निम्मा होतो. जिल्ह्यातल्या छोट्या विभागाचा एका महिन्याचा दर पाहून त्याला चांगले किंवा वाईट ठरवता येत नाही ते यासाठीच.

शिवाय कल्चरच पाठवले नाही तर रक्तातला संसर्ग ‘होत’ नाही. त्वचा नीट निर्जंतुक करून, शक्यतो दोन वेगळ्या जागांहून, प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त घ्यायचे, हा नियम पाळायला वेळ आणि पैसा लागतो. दोन नमुन्यांची गरज अशी की, त्वचेवर एरवीच राहणारा एखादा जंतू एकाच बाटलीत वाढला तर व्याख्या त्याला मानत नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन नमुन्यांत तोच सापडावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी प्रतिजैविके आधी सुरू होतात, खर्चामुळे कल्चर टळते, आणि असे रुग्णालय कागदावर निर्मळ दिसते. जे रुग्णालय प्रामाणिकपणे कल्चर पाठवते त्याचा दर मात्र चढा दिसतो. आकडा शून्य असेल तर मी आधी कल्चर किती पाठवली हे विचारीन.

कळवण्याची सक्ती आली की या त्रुटींना पैशाचे वजन येते. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात उद्भवलेल्या काही गुंतागुंतींचा वाढीव मोबदला देणे थांबवले, आणि २०११ पासून अतिदक्षता विभागातल्या सेंट्रल लाइन संसर्गाचे आकडे कळवणे मोबदल्याशी जोडले. भारतात एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना हे दर ठेवावे लागतात, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत देखरेखीचा समावेश आहे. पण क्षयरोगाची नोंद जशी सक्तीने सरकारकडे जाते तशी टाक्यांतल्या पुवाची जात नाही.

सीमाभागासाठी हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग बहुतेक वेळा घरी गेल्यावर दिसतो, म्हणून तो ३० दिवसांपर्यंत मोजायचा असतो. सांधा बदलणे, हाडात सळई घालणे, हृदयाची शस्त्रक्रिया, हर्निया अशा ठरावीक शस्त्रक्रियांत खोलवरच्या संसर्गासाठी मुदत ९० दिवसांची आहे. कृत्रिम अवयव किंवा सळई बसवली असेल तर २०१३ पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. ती आखूड केल्याने पाठपुरावा आवाक्यात आला, पण उशिरा डोके वर काढणारे काही संसर्ग मोजणीबाहेर गेले. आता बेळगावात सिझेरियन झालेली एखादी बाळंतीण घ्या. पाच-सहा दिवसांनी ती चंदगड तालुक्यातल्या माहेरी जाते आणि सव्वा महिना तिथेच राहते. बाराव्या दिवशी टाक्यांतून पाणी येऊ लागले तर ती गावातल्या किंवा गडहिंग्लजच्या डॉक्टरांकडे जाते. ते ड्रेसिंग करतात, गोळ्या देतात, जखम भरते. बेळगावच्या नोंदवहीत ती ‘संसर्ग नाही’ अशीच राहते, आणि गडहिंग्लजच्या डॉक्टरांवर ती शस्त्रक्रिया त्यांची नसल्याने कळवण्याची जबाबदारी येत नाही. दोन राज्ये, दोन आरोग्य खाती आणि मध्ये एक डिस्चार्ज कार्ड, ज्यावर बहुधा पाठपुराव्याची तारीख असते पण जखम चिघळल्यास कोणाला कळवायचे तो फोन नंबर नसतो.

यावर उपाय खर्चिक नाही. नवजात बालकाच्या घरपोच देखभालीच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती संस्थेतल्या प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, आणि हा कार्यक्रम दोन्ही राज्यांत आहे. तीस दिवसांची मुदत या भेटींत जवळजवळ पूर्ण झाकली जाते. जखम लाल आहे का, पाणी किंवा पू येतो का, टाके उसवले का, ताप आहे का, एवढे चार प्रश्न मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून तिच्या हाती दिले आणि उत्तर शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाला कळवण्याची वाट ठरवून दिली, तर सिझेरियनपुरती तरी मोजणी खरी होईल. हाडाच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण परिचारिकेने तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन करणे, हा मार्ग अनेक ठिकाणी वापरला जातोच.

पुढचे बदल संगणकाच्या दिशेने चालले आहेत. दाखल झाल्याच्या चौथ्या किंवा त्यानंतरच्या दिवशी घेतलेल्या रक्तात जंतू वा बुरशी सापडली, तर सेंट्रल लाइन असो वा नसो, ती नोंद प्रयोगशाळेच्या संगणकातूनच आपोआप उचलायची, असे माप सीडीसीने तयार केले आहे. माणसाच्या मर्जीला त्यात जागा कमी उरते. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या देखरेखीच्या हस्तपुस्तिकेत प्रयोगशाळेची सोय तुटपुंजी असलेल्या रुग्णालयांसाठी सोप्या व्याख्या दिल्या आहेत. बेळगाव शहरातली मोठी रुग्णालये पहिल्या मापाकडे जाऊ शकतील. खानापूर किंवा रायबागच्या तालुका रुग्णालयाला तूर्त दुसरेच उपयोगी पडेल. एकाच जिल्ह्यात दोन मापे राहिली तरी चालेल, मात्र प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या व्याख्येने, कोणत्या साली आणि किती कल्चरच्या आधारे काढला हे लिहिलेले असावे.